दफनभूमीचे वाङ्मय आणि स्मृतिउद्याने

'वाङ्मय' हा शब्द आपण छापलेल्या पानापुरता राखून ठेवला आहे. आत्मचरित्रे, भजने, नाताळ अंकांतील कथा, प्रवचनांचे संग्रह ह्यांचे परीक्षण आपल्या नियतकालिकांतून नियमाने होते. परंतु ज्या कुटुंबाने आयुष्यात एक ओळही छापली नाही, त्या कुटुंबानेही एक मजकूर मात्र काळजीपूर्वक, पदरमोड करून, अक्षरे मोजून लिहवून घेतलेला असतो. तो म्हणजे आपल्या माणसाच्या कबरीवरचा लेख. चार ओळींत माणूस बसवायचा, आणि तोही दगडात, म्हणजे खाडाखोडीला वाव नाही. इतके कठीण बंधन आपल्या कवींनीही क्वचितच पत्करले असेल. तरीही ह्या वाङ्मयाकडे टीकाकारांचे लक्ष गेलेले नाही.

आज ते लक्ष देण्याची गरज निर्माण झाली आहे. ठिकठिकाणच्या धर्मग्रामांतून अलीकडे एक सूचना पुढे येताना दिसते. जुन्या दफनभूमीतील काटेरी झुडपे काढावीत, मोडक्या कबरी सारख्या कराव्यात, मध्यभागी क्रूस आणि भोवती फुलझाडे लावून 'स्मृतिउद्यान' करावे. हे काम स्वयंसेवक करतात, विशेषतः तरुण मंडळी. सुटीच्या दिवशी घरून कुदळी आणि पाण्याच्या बाटल्या घेऊन ती येतात. त्यांच्या श्रमांविषयी मला आदर आहे. परंतु दफनभूमी हे जर एक पुस्तक असेल तर स्मृतिउद्यान ही त्या पुस्तकाची संपादित आवृत्ती ठरते, आणि संपादकाने काय ठेवले, काय गाळले, कोणाचे नाव वगळले, हे विचारणे टीकाकाराचे कामच आहे.

गाळण्याचे काम काळही करतो. वसईच्या किल्ल्यातील फ्रान्सिस्कन चर्चच्या भग्न वास्तूत जमिनीत बसवलेल्या पोर्तुगीज स्मृतिशिला अनेकांनी पाहिल्या असतील. कुलचिन्हे कोरलेली, वळणदार अक्षरांची. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई घेतली, पोर्तुगीज गेले, छप्पर पडले, आणि पुढची दोन-अडीचशे वर्षे ही अक्षरे ऊन-पावसात आणि पायांखाली झिजत राहिली. १८७६ साली डॉ. जुझे जेर्सन द कुन्हा ह्या गोव्यात जन्मलेल्या वैद्यकीय व्यावसायिकाने चौल आणि वसईच्या पुरातन अवशेषांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात ह्या लेखांची दखल घेतली. त्यांनी तेथे एकही झाड लावले नाही. आपला दवाखाना सांभाळून, कोणी न सांगता, त्यांनी फक्त वाचले आणि उतरवून घेतले. माझ्या मते दफनभूमीच्या स्वयंसेवकांचे हे आद्य पूर्वज होत. फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या क्रिस्तपुराणाची कथाही अशीच आहे. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तिन्ही जुन्या छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. आपल्यापर्यंत तो ग्रंथ आला तो हाताने नकलून घेणाऱ्यांमुळे. नक्कल करणाऱ्याला आपण फार मान देत नाही, परंतु दगड आणि छापखाना दोन्ही फसल्यावर उरतो तोच.

आता ह्या लेखांच्या गुणदोषांकडे वळू. आपल्या मराठी कबरलेखांचा पहिला दोष असा की ते फार लवकर साच्यात पडले. 'प्रभूमध्ये निद्रिस्त', जन्म, मृत्यू, आणि शेवटी 'शोकाकुल पत्नी, मुले, नातवंडे'. निद्रेची कल्पना मूळची आपलीच आहे. ग्रीक भाषेत दफनभूमीला जो शब्द आहे त्याचा अर्थच झोपण्याची जागा, आणि सिमित्री हा वसईकरांच्या तोंडचा शब्द त्याच मुळातून पोर्तुगीजांमार्फत आला. परंतु शंभर कबरींवर तेच वाक्य वाचल्यावर तेथे शंभर माणसे झोपली आहेत असे वाटत नाही. एकच माणूस शंभर वेळा झोपला आहे असे वाटते. ह्याउलट एखाद्या जुन्या कबरीवर 'गावची सुईण' किंवा 'चर्चची घंटा वाजवणारा' एवढेच दोन-तीन शब्द अधिक असले तरी सारी दफनभूमी जिवंत होते. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. स्त्रीच्या कबरीवर कित्येकदा तिचे नाव लहान आणि 'अमक्याची पत्नी' हे मोठे असते. क्वचित नावच नसते. बाप्तिस्म्याच्या वेळी ख्रिस्तसभेने तिला तिच्या स्वतःच्या नावाने हाक मारली होती, हे दगड लिहवणाऱ्याला आठवले नाही. भाषेची अशुद्धे मात्र मी दोषांत धरीत नाही. गवंड्याने 'स्मरणार्थ'मधील रफार गाळला म्हणून स्मरण उणे होत नाही.

महाराष्ट्रात बागेचे रूप दिलेली सर्वांत नेटकी दफनभूमी म्हणजे पुण्याजवळ खडकी येथील युद्धस्मशान. दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ राष्ट्रकुल सैनिकांच्या कबरी तेथे आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात जेथे कायमची निगा राखण्याची शाश्वती नव्हती, तेथून त्या आणल्या गेल्या. मे १९१७ मध्ये स्थापन झालेल्या युद्धकबर आयोगाने जगभर जी पद्धत रूढ केली तिचाच हा नमुना. अधिकारी असो वा साधा शिपाई, शिळा एकाच मापाची. उंची सुमारे ८१ सेंटिमीटर, रुंदी ३८. श्रीमंताला मोठी शिळा लावण्याची मुभा नाही. कुटुंबाला शिळेच्या पायथ्याशी स्वतःचे शब्द घालता येत, परंतु पहिल्या महायुद्धानंतरच्या नियमाप्रमाणे ६६ अक्षरांपर्यंतच, मधल्या रिकाम्या जागा धरून. ह्या ६६ अक्षरांत इंग्लंडच्या खेड्यांतील आयांनी जे लिहिले त्याचे वाचन हा एक स्वतंत्र विषय होईल. मर्यादेने लेखन सुधारते ह्याचा तो उत्तम पुरावा आहे. आपल्या धर्मग्रामांनी शिळेच्या मापाचा हा नियम केव्हाच घ्यायला हवा होता. संगमरवराच्या उंचीवरून मृतांमध्ये जाती पाडण्याचा प्रकार आपल्याकडे बराच आहे.

ह्या आयोगाच्या मोठ्या दफनभूमींत एक स्मरणशिला असते. वास्तुशिल्पी लट्येन्स ह्यांनी तिची आकृती सिद्ध केली आणि तिच्यावरचे शब्द कवी किपलिंग ह्यांनी बेन सिराच्या ग्रंथाच्या चव्वेचाळिसाव्या अध्यायातून निवडले. प्रॉटेस्टंट बंधू ज्या ग्रंथाला प्रमाण मानीत नाहीत आणि आपण मानतो, त्याच ग्रंथातून ही ओळ यावी ही एक गंमत. परंतु टीकाकाराला महत्त्वाचे वाटते ते गाळलेले अर्धे वचन. मूळ वचनाच्या पहिल्या भागात देह शांतपणे पुरल्याचा उल्लेख आहे, दुसऱ्या भागात नाव टिकून राहण्याचा. शिळेवर फक्त दुसरा भाग घेतला आहे. ज्यांचे देह सापडलेच नाहीत आणि ज्यांचे दहन झाले, त्यांनाही ती शिळा आपली वाटावी, असा त्या गाळण्याचा अर्थ मी लावतो. हे उत्तम संपादन आहे.

मात्र ह्याच संपादकांनी दुसरीकडे जे गाळले ते क्षम्य नाही. एप्रिल २०२१ मध्ये आयोगाने स्वतःच्या चौकशीचा अहवाल प्रसिद्ध केला. पहिल्या महायुद्धातील किमान १,१६,००० मृत, बहुतेक आफ्रिका आणि मध्यपूर्वेतील फौजांत व हमालदळांत असलेले, नावाने स्मरले गेलेच नाहीत, कदाचित कोणत्याच प्रकारे नाही, आणि ही संख्या साडेतीन लाखांपर्यंत जाऊ शकते, असे त्यात मान्य करण्यात आले. भारतीय माणसेही ह्या भेदभावातून सुटली नाहीत. एका मापाच्या शिळांचा समतेचा नियम जेथे शिळाच नाही तेथे लागू पडत नाही, हे खडकीच्या हिरवळीवर उभे राहून लक्षात येत नाही. सुंदर बागेत गाळलेली जागा दिसत नाही. स्मृतिउद्यानाविषयी माझी सारी भीती ह्या एका गोष्टीपाशी आहे.

खडकीच्या स्मारकावर पहिल्या महायुद्धातील अठराशेहून अधिक नावे आहेत. त्यांतील ६२९ जणांचे अवशेष मार्च १९६२ मध्ये मुंबईच्या शिवडी दफनभूमीतून तेथे हलवण्यात आले. शिवडीचा इतिहास तर आपल्या विषयाच्या दृष्टीने उलटा आहे. १८६५ च्या सुमारास आर्थर क्रॉफर्ड ह्यांनी दफनभूमीसाठी जी जागा मिळवली ती पूर्वी कृषी-उद्यान संस्थेची बाग होती. म्हणजे तेथे आधी बाग होती, मग कबरी आल्या, आणि आज कबरींची बाग करा असे लोक म्हणतात! तेथे व्हिक्टोरिया टर्मिनसचे शिल्पकार स्टीव्हन्स आहेत, आणि आपले काका बॅप्टिस्टाही आहेत. माझगावच्या ईस्ट इंडियन घराण्यात १८६४ साली जन्मलेले जोसेफ बॅप्टिस्टा, लोकमान्यांचे सहकारी, होमरूल लीगचे पहिले अध्यक्ष, १९२५ साली मुंबईचे महापौर. १९३० साली ते वारले. त्यांच्या नावाने माझगावच्या टेकडीवर, पाण्याच्या टाकीवर वसवलेली एक बाग आहे. संध्याकाळी तेथे मुले खेळतात, वृद्ध फिरतात, समोर बंदर दिसते. बाग उत्तम आहे. परंतु फाटकावरचे नाव वाचून हा कोण गृहस्थ असा प्रश्न किती जणांना पडत असेल? नाव बागेला दिले की ते बागेचे होते, माणसाचे राहत नाही. 'बॅप्टिस्टा गार्डनला भेटू' म्हणणाऱ्याच्या मनात काका नसतात. शिवडीची कबर त्या मानाने दुर्लक्षित असेल, परंतु तेथे पोहोचलेला माणूस त्यांच्याचकडे आलेला असतो.

ज्यांची नावे कधी कोरलीच गेली नाहीत त्यांच्यासाठी मात्र बागेशिवाय दुसरे काय करता येणार? येथे लंडनच्या साऊथवर्क भागातील क्रॉसबोन्स ह्या जागेचे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे. १५९८ सालच्या आपल्या ग्रंथात जॉन स्टो ह्यांनी 'एकट्या स्त्रियांच्या' दफनजागेचा उल्लेख केला आहे. त्या भागातील कुंटणखाने विंचेस्टरच्या बिशपांच्या अधिकारक्षेत्रात परवान्याने चालत, आणि तेथील स्त्रियांना मरणानंतर पवित्र भूमी नाकारली जाई. परंपरेने क्रॉसबोन्स हीच ती जागा मानली जाते. पुढे ती गोरगरिबांची दफनभूमी झाली, आणि १८५३ साली, आता आणखी प्रेते मावत नाहीत म्हणून, बंद झाली. सुमारे पंधरा हजार माणसे तेथे पुरली असावीत. १९९० च्या दशकात भुयारी रेल्वेच्या कामासाठी उत्खनन झाले तेव्हा १४८ सांगाडे काढण्यात आले. त्यांत अर्भकांचे आणि लहान मुलांचे प्रमाण मोठे होते. त्यानंतर परिसरातील सामान्य लोकांनी, एका नाटककाराच्या पुढाकाराने, त्या बंद फाटकावर फिती, फुले, चिठ्ठ्या बांधायला सुरुवात केली. २००४ पासून दर महिन्याच्या २३ तारखेला ते तेथे जमू लागले. जागा मोक्याची, तिच्यावर इमारत उठायची खात्रीच होती. ह्या फितींनी ती थोपवली, आणि २०१५ पासून ती स्वयंसेवकांनी सांभाळलेली स्मृतिबाग म्हणून उघडी आहे. साऊथवर्कच्या अँग्लिकन कॅथीड्रलचे डीन मरिया मग्दालेनेच्या सणाच्या सुमारास तेथे येऊन पश्चात्तापाची आणि स्मरणाची उपासना करू लागले.

सणाची ही निवड मला ह्या साऱ्या प्रकरणातील सर्वांत अर्थपूर्ण गोष्ट वाटते. योहानाच्या शुभवर्तमानाप्रमाणे प्रभूची कबर एका बागेत होती, आणि पुनरुत्थानाच्या सकाळी मग्दालेनेने त्याला माळी समजून त्याच्याकडे मृतदेहाची चौकशी केली. बाग आणि कबर ह्यांचे नाते आपल्या श्रद्धेत असे आरंभापासून आहे. परंतु तिला ओळख पटली ती बागेमुळे नव्हे. त्याने तिला नावाने हाक मारली, तेव्हा पटली. क्रॉसबोन्सच्या बागेतील काही प्रकार, मेणबत्त्यांभोवतीचे मंत्र-तंत्र वगैरे, माझ्या धर्मशास्त्रीय शिक्षणाला पचणारे नाहीत. तरीही ज्या ठिकाणी ख्रिस्तसभेनेच दार लावले होते त्या ठिकाणी बाहेरच्यांनी येऊन फुले ठेवली, हे वाचताना धर्मगुरूने थोडे गप्प बसलेले बरे.

कारण दार लावण्याचे प्रकार आपल्याकडेही आहेत. तिरुचिरापल्लीच्या मेलपुदूर येथील कॅथलिक दफनभूमीत दलित ख्रिस्ती आणि इतर ख्रिस्ती ह्यांच्या कबरींमध्ये भिंत आहे, हे सर्वश्रुत आहे. आमच्या मराठवाड्यात विटांची भिंत बांधावी लागली नाही. गावाबाहेरची, नाल्याकाठची, पावसाळ्यात पाणी शिरणारी जागा पुरेशी होती. जालना जिल्ह्याचा इतिहास पाहा. २३ सप्टेंबर १८०३ रोजी भोकरदन तालुक्यातील असईला लढाई झाली, तीत पडलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांची नावे पुस्तकांत आहेत. जालन्याला छावणी होती, छावणीवाल्यांनी आपल्या मृतांसाठी दगड घडवले. जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत रेव्ह. नारायण शेषाद्री ह्यांनी वसवली, त्यांचे नाव प्रॉटेस्टंट मिशनच्या इतिहासात आदराने घेतले जाते. परंतु वाटूर, परतूर, मंठा ह्या पट्ट्यातील खेड्यांत गेलेल्या शेतमजुरांच्या, वेठबिगारी केलेल्या, दुष्काळात अन्नासाठी वणवण केलेल्या पहिल्या पिढीच्या ख्रिस्ती माणसांना दगड कोणी घडवावा? चार धोंडे, एक बाभळीचा क्रूस, आणि तीन पावसाळ्यांनी तोही नाही. तेथे 'ऐतिहासिक दफनभूमी' हा शब्द चालत नाही, कारण इतिहास दगडाने मोजण्याची आपल्याला सवय आहे.

अशा जागी स्वयंसेवकांनी थेट कुदळ लावली तर दोन दिवसांत जमीन सपाट होईल आणि तिसऱ्या दिवशी तेथे रोपे लागतील. फार सुंदर दिसेल. ते चार धोंडे मात्र परत सापडणार नाहीत.

म्हणून माझे म्हणणे असे की स्मृतिउद्यानाची पहिली कुदळ धर्मग्रामाच्या कपाटात पडावी. धर्मविधीसंहितेतील कलम ५३५ प्रमाणे प्रत्येक धर्मग्रामात बाप्तिस्मा आणि विवाह ह्यांच्याबरोबर मृतांची नोंदवही ठेवणे बंधनकारक आहे, आणि कलम ११८२ प्रमाणे दफनानंतर तीत नोंद झाली पाहिजे. ही वही म्हणजे आपल्या गरिबांचे एकमेव कबरलेख. कोरड्या भाषेत लिहिलेली, कधी लॅटिन, कधी इंग्रजी, परदेशी धर्मगुरूने ऐकून जसे जमले तसे स्पेलिंग केलेली. तरीही तीत नाव आहे, गाव आहे, तारीख आहे. शाई उडत चालली आहे, वाळवी कोणासाठी थांबत नाही. दोन मुलांनी एक पावसाळा बसून ती नकलून काढली आणि गावातील म्हाताऱ्यांना विचारून कोण कोठे पुरले आहे ह्याचा कच्चा नकाशा केला, तर बागेचा निम्मा भाग झालाच. ब्रिटिशांच्या दक्षिण आशियातील कबरींसाठी १९७६ साली इंग्लंडमध्ये स्थापन झालेल्या स्वयंसेवी संघटनेने दुरुस्तीइतकेच महत्त्व लेख उतरवून प्रसिद्ध करण्याला दिले, ते ह्याच कारणाने. राज्यकर्त्यांच्या नातवंडांना जे सुचले ते आपल्याला का सुचू नये?

ख्रिस्तसभेची अलीकडची शिकवणही ह्याच दिशेने आहे, आणि ती पुरेशी माहीत नाही म्हणून येथे नोंदवतो. दहनाला १९६३ साली परवानगी मिळाली. त्यापूर्वी कॅथलिकांना ती नव्हती. रेव्ह. ना. वा. टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांच्या इच्छेनुसार त्यांचे दहन झाले आणि अस्थी अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, नेण्यात आल्या. ते कॅथलिक असते तर त्या काळी हे शक्य नव्हते. २०१६ च्या सूचनेत मात्र परमधर्मपीठाने रक्षा बागेत, वाऱ्यावर वा पाण्यात विखरून टाकण्यास मनाई केली. पुष्कळांना हा कर्मठपणा वाटला. त्यामागील एक कारण असे की, जागा उरली नाही तर स्मरणही उरत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये आणखी एक खुलासा आला. अनेकांची रक्षा एका सामायिक पवित्र जागी एकत्र ठेवण्यास हरकत नाही, परंतु तेथे प्रत्येकाचे नाव नोंदलेले असले पाहिजे. मुंबईत जागेची जी टंचाई आहे ती पाहता हा खुलासा उद्या आपल्या प्रत्येक धर्मग्रामाच्या दाराशी येणार आहे. रोमच्या भाषेला रुक्ष म्हणण्याची आपली सवय आहे. येथे तरी त्या रुक्ष अटीत मग्दालेनेची ती सकाळ मला ऐकू येते.

बागेच्या तपशिलाबद्दल थोडेच सांगतो, कारण ते जाणकार माळ्याचे काम. खडकीची हिरवळ आमच्या भागात मागू नये. फेब्रुवारीनंतर माणसांना टँकर लागतो, तेथे गवताला पाणी घालणे हे मृतांनाही आवडणार नाही. कडुनिंब, चाफा, कोरफड, सदाफुली ही मंडळी थोड्यात भागवतात. चाफा तर कबरींचा जुना सोबती आहे. पिंपळाचे रोप कबरीच्या भेगेत उगवले तर ते लहान असतानाच काढावे. जुन्या चुन्याच्या बांधकामावर सिमेंट थापू नये, दगडाला आम्ल आणि तारेचा ब्रश लावू नये, नाहीतर दगड पांढरा होतो आणि अक्षर जाते. झेंडूविषयी मात्र मला ममत्व आहे. हे फूल मूळचे मेक्सिकोचे, आणि तेथे ते २ नोव्हेंबरला मृतांसाठीच वाहतात. आपल्याकडे ते दसऱ्याचे झाले. दसरा-दिवाळी सरून सर्व मृत भाविकांचा स्मरणदिन येतो तेव्हा आमच्याकडे रानात झेंडू अजून फुललेला असतो, आणि बाजारात त्याला भाव उरलेला नसतो.

राहता राहिली नावांच्या फलकाची गोष्ट. येथे एक अडचण येते आणि ती संपादकाची खरी कसोटी आहे. नोंदवहीत 'योहान' असतो आणि गावात तोच माणूस जन्मभर 'ज्ञानोबा' असतो. वहीत 'मरिया' लिहिलेली बाई तिच्या सुनांना 'गोदाबाई' म्हणूनच आठवते. फलक करणारे उत्साही तरुण वही प्रमाण मानून पहिलेच नाव घालतील, आणि मग ज्ञानोबाचा नातू फलकासमोर उभा राहून आजोबांना शोधत बसेल. दोन्ही नावे घालावीत. बाप्तिस्म्याचे आधी, हाकेचे त्याखाली, त्याच मापाच्या अक्षरांत. जागा अधिक लागेल, खर्चही वाढेल. एक गुलाबाचा वाफा कमी करावा.